जोडपंपाला सुतक नसतं

या सौद्यात प्रफुल्ल गावंडेच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी मांडलेलं बरं. विजेचं बिल पावपट. घरपट्टीत सूट, कारण यंत्राला वीजबचतीचे पाच तारे. अकोल्याच्या उन्हाळ्यात, जेव्हा कावळेसुद्धा झाड सोडून पाण्याच्या टाकीखाली चोच उघडी टाकून उभे राहतात, तेव्हा घरात सव्वीस अंश. आणि या तिन्हींच्या वरची रक्कम म्हणजे जुई.

जुई त्याची मुलगी, सात वर्षांची. बाकी सगळं चारचौघींसारखं, बोलणं तर चारचौघींना पुरून उरेल इतकं. फक्त तिला घाम येत नसे. घामाच्या ग्रंथी जन्मतःच नव्हत्या. आपण तापलो की कातडीवर पाणी येतं आणि ते उडून जाताना अंगातली उष्णता सोबत घेऊन जातं. जुईची उष्णता जुईतच राही. तिला ओलं बनियन घालून ठेवत, त्यावर तास-दोन तास निभे. पण अलीकडचे उन्हाळे तास-दोन तासांचे राहिले नव्हते. रात्रीसुद्धा पारा अडतिसाच्या खाली उतरायला कुरकुर करायचा. गेल्या मे महिन्यात तिला दोनदा झटके आले. तिसऱ्यांदा आले तर काय होईल, हे डॉक्टरांनी वाक्य अर्धवट सोडून सांगितलं होतं.

एवढं सगळं मिळवायला द्यायचं काय होतं? शेजारचं दार वाजवायचं होतं. प्रफुल्लला तेच महाग वाटत होतं.

शेजारी सुवर्णावहिनी राहायची. प्रफुल्लच्या चुलतभावाची विधवा. दोन्ही घरं एकाच प्लॉटवर, मध्ये एकच भिंत, आणि ती भिंत वीतभर इकडे असावी की तिकडे, यावरून नऊ वर्षं बोलणं बंद. भावकीत अबोला कसा असतो तुम्हाला ठाऊकच आहे. एकमेकांचं तोंड बघायचं नाही, पण कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या.

वहिनीचा पापड-कुरडयांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घराची मागची बाजू. हाताखाली गल्लीतल्या दहाबारा बाया आणि माणूस उभा राहील एवढा स्टीलचा ड्रायर. पूर्वी विदर्भातली बाई गच्चीवर वाळवण घालायची. आता दुपारी गच्चीवर गेलं तर वाळवणाआधी बाईच वाळेल. त्यामुळे पापडसुद्धा घरात वाळत होते आणि त्यांना रात्रंदिवस उष्णता लागत होती. प्रफुल्लच्या घरात नको तितकी उष्णता, आणि वीतभर भिंतीपलीकडे ती विकत घेणारी बाई.

हे जुळवून दाखवलं कंपनीच्या इंजिनिअर मुलीने. तायडे आडनाव, हातात टॅब, बोलणं झरझर.

"सर, हा पंप थंडी तयार करत नाही बरं का. विहिरीवरचा पंप पाणी तयार करतो का?"

"नाही. उपसतो."

"हा उष्णता उपसतो. एक युनिट वीज खाऊन तीन युनिट उष्णता घरातून उचलतो. प्रश्न इतकाच, की उपसलेली ओतायची कुठे?"

एसीवाल्यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षं गल्लीवर ढकलला होता. प्रत्येकाने आपली खोली गार केली आणि ती गरमी खिडकीबाहेर फेकली. ती समोरच्याच्या खिडकीत शिरली. त्याने मोठा एसी घेतला. शेवटी गल्ल्याच भट्ट्या झाल्या. ज्यांच्याकडे एसी नव्हता ते वरच्या मजल्यांवरचे म्हातारे एका उन्हाळ्यात माश्यांसारखे गेले, तेव्हा कायदा आला: दाट वस्तीत उष्णता उघड्यावर फेकायची नाही. पंप बसवायचा तर आधी गिऱ्हाईक दाखवा, तुमची गरमी घेणार कोण. लाँड्री, खानावळ, डेअरी, कोणीही. थोडक्यात, यंत्रालाही स्थळ पाहावं लागू लागलं. एका भिंतीत बसणाऱ्या, इकडे गार आणि तिकडे गरम अशा यंत्राला लोक जोडपंप म्हणू लागले.

"दोन मॉडेल आहेत," तायडे म्हणाली. "एकाला अडीअडचणीसाठी बाहेर फेकणारा पंखा आहे. महाग आहे, तीनच तारे, घरपट्टीत सूट नाही. दुसऱ्याला पंखाच नाही. सगळी उष्णता समोरच्याने घ्यायची. मध्ये एक गरम पाण्याची टाकी असते, अर्धा-पाऊण दिवसाची उष्णता साठवते. टाकी शंभर टक्के भरली की पंप बंद. मग कोणी देव आला तरी चालू होत नाही. सर, समोरचा ड्रायर बंद राहतो असे दिवस वर्षातून किती?"

प्रफुल्ल दूध संघात लेखापाल होता. त्याने वीज जाण्याचे दिवस धरले, दिवाळी धरली, बायांच्या घरची लग्नं धरली. मग हसून म्हणाला, "अहो, पापडवाली बाई मे महिन्यात ड्रायर बंद ठेवते का? त्यापेक्षा सोनार धनत्रयोदशीला दुकान बंद ठेवेल."

आणि पंख्याशिवायचं मॉडेल घेतलं.

दार वाजवायला गेला तेव्हा वहिनीने कणकेचे हात पुसतच उघडलं.

"नऊ वर्सांनी?" ती म्हणाली. "कोनी मेलं का कोनाचं लगन हाय?"

त्याने पंपाचं सांगितलं. जुईचंही सांगितलं, जरा आवाज बारीक करून. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे तुमची गरमी माह्या पापडाले फुकट."

"हो."

"फुकट नाई घेत मी काई. या घरचं फुकटचं लय खाऊन पाह्यलं, मंग आयुष्यभर ऐकाव लागते. अर्ध्या पंपाचे पैसे माहे. अन् भोक पाडायसाठी भिंत फोडान ना, तवा मोजून घेजा. वीत कोनाची हाय ते."

भिंत फोडली. कोणी मोजली नाही. एप्रिलच्या मध्यापासून पंप चालू झाला आणि घरात असा गारवा पसरला, की प्रफुल्लच्या बायकोने, प्राचीने, पहिल्या दिवशी उगाचच शाल काढून पाहिली. जुई भिंतीवर टकटक करी, पलीकडून लाटण्याची टकटक येई. मग एक दिवस कुरडयांचा डबा आला. मग जुई शाळेतून परस्पर तिकडेच जाऊ लागली. नऊ वर्षं भावकीतल्या कोणाला जमलं नाही ते एका कॉम्प्रेसरने महिन्याभरात जमवलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात लाल इशारा आला. पाच-सहा दिवस एकोणपन्नास, हवा हलणार नाही, कोणी बाहेर पडू नये. सरकारी दवाखान्याचा शीत वॉर्ड दोन तासांत भरला. त्याच सकाळी अकोटहून गजूदादाचा फोन आला.

"काका गेले, प्रफुल्ल."

दौलतकाका. गावंडे भावकीतला सगळ्यांत मोठा माणूस, नव्वदी ओलांडलेला, गजूदादाचा बाप. रात्री झोपले ते उठलेच नाहीत असं मरण यावं म्हणून लोक नवस बोलतात. त्यांना ते सकाळच्या चहाआधी आलं.

"ऊन उतरलं का पाचले काढू. सुवर्णाले फोन लागून नाई राह्यला. तूच सांग तिले, अन् सोबत घेऊनच ये. तिचा जीव होता बाबावर."

जीव होता हे खरंच होतं. नवरा गेला तेव्हा सगळी भावकी म्हणाली, बाईमाणूस धंदा काय करणार, घर विका. एकटे दौलतकाका बँकेत तिच्यासोबत गेले आणि तिच्या कर्जाला जामीन राहिले. तिचा पहिला पापड त्यांनी खाल्ला होता, कच्चाच, आणि मीठ कमी आहे म्हणाले होते.

प्रफुल्लने फोन ठेवला. डोळ्यांत पाणी आलं. ते गालावर उतरेपर्यंत डोक्यात आकडे उतरले.

गावंड्यांचं सुतक दहा दिवस. सुतकात पापड लाटत नाहीत. आपल्याकडे अगदी नास्तिक घरातसुद्धा सुतकात पापड-लोणच्याला कोणी हात लावत नाही, आणि वहिनी तर नास्तिकही नव्हती. बाया परक्या घरच्या असल्या तरी सुतकी घरातलं वाळवण विकत घेणार कोण? दहा दिवस ड्रायर बंद. दुपारपर्यंत टाकी भरायला लागेल, उद्या सकाळच्या आत पंप बंद पडेल. बाहेर एकोणपन्नास. आत जुई.

त्याने वीज मोजली होती, दिवाळी मोजली होती. मरण मोजायचं राहिलं होतं.

"सांगू नका," प्राची म्हणाली.

"अगं, काका गेलेत."

"माझे पण चुलतसासरेच. पण सुतक कानावर पडलं की लागतं. कळलंच नाही त्याला कसलं आलंय सुतक? लग्नघरी सांगतात का मयतीची बातमी? मांडव उतरेपर्यंत दाबून ठेवतातच ना? चार दिवस. ऊन उतरलं की तुम्हीच जाऊन सांगा. पाया पडा, काय वाटेल ते करा."

प्रथा होती. माणसाला जेव्हा चुकीचं काही करायचं असतं तेव्हा एखादी प्रथा हाताशी असली की बरं पडतं. प्रफुल्लने गजूदादाला फोन लावला.

"दादा, जुईला सोडून मला निघता नाही येणार. तापलीये."

"बरं, पोरीले पाह्य. सुवर्णाले सांगतलं ना?"

इथे एक क्षण होता. प्रफुल्लने तो जाऊ दिला.

"सांगितलं. बघते म्हणाली."

दुपारी बाराच्या सुमाराला त्याचं लक्ष भिंतीवरच्या, टाकीचा आकडा दाखवणाऱ्या पडद्याकडे गेलं. रोज या वेळी टाकी पस्तीस-चाळीस टक्क्यांवर असे. आता साठ. तो बघत होता तेवढ्यात एकसष्ट झाली.

भिंतीला कान लावला. लाटणी नाहीत, बायांची बडबड नाही, मोबाइलवरची गाणी नाहीत.

"कळलं की काय?" प्राची म्हणाली.

"कळलं असतं तर रडणं ऐकू आलं असतं."

सत्तर झाले. प्राचीने बादली भरून ठेवली, दोन बनियनं भिजवली. जुई जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. तिने विचारलं, बाबा, तुम्ही सारखे टीव्ही का बघता, त्यात तर नुसता आकडा आहे. शहात्तर झाले तेव्हा प्रफुल्लने चपला घातल्या.

दोन दारांमधलं अंतर चार पावलांचं. तेवढ्यात तळवे चपलेतून भाजले. वहिनीने दार उघडलं. धुवट साडी, केस मागे घट्ट बांधलेले, खांद्याला पिशवी. मागच्या हॉलमध्ये पोळपाट धुऊन भिंतीला उभे केलेले दिसत होते.

"बाया नाही आल्या का आज?" त्याने विचारलं.

"लाल इशारा हाय ना जी. धाडल्या घरी."

"ड्रायर… ड्रायर बंद दिसतो."

"माल नाई त कायले चालू ठेवू?"

तो उंबऱ्याबाहेर उभा, ती आत. तिने त्याला आत या म्हटलं नाही. ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती, सराफ नाण्याकडे पाहतो तशी.

"अकोटहून काई फोन?" तिने विचारलं. "काका कसे हायेत?"

प्रफुल्लने चौकटीवर हात टेकला.

"ठीक आहेत. परवाच बोललो. तुमची आठवण काढत होते."

पिशवीचा बंद खांद्यावरून उतरवून वहिनीने ती दाराआडच्या खुंटीला अडकवली.

"जुई कशी हाय?"

"बरी आहे. अजून तरी."

"जा घरी. पोरीजवळ बसा. पाह्यतो मी ड्रायरचं."

तो परत आला तेव्हा टाकी सत्त्याहत्तरवर होती. मग शहाऐंशी. प्राचीने देवापुढे हात जोडले आणि लगेच खाली घेतले, कारण त्यांना तर सुतक लागलंच होतं. ती बातमी त्यांच्या कानांवर पडली होती. नव्वद. ब्याण्णव. प्रफुल्लने रिक्षावाल्याला फोन केला. या उन्हात गाडी काढणार नाही म्हणाला. चौऱ्याण्णव झाले आणि आकडा थांबला. थांबला तो थांबला. मग, अगदी कंजुषाने नोट सोडावी तसा, त्र्याण्णव झाला.

भिंतीपलीकडे ड्रायर घुमू लागला होता.

"देवासारखी आहे बाई," प्राची म्हणाली आणि रडली. प्रफुल्लने मनात हिशेब मांडला: माल चढला, म्हणजे बाया परत आल्या, म्हणजे तिला काही कळलेलं नाही. हिशेब जुळला. जुळलेल्या हिशेबाकडे लेखापाल दुसऱ्यांदा बघत नाही.

पुढचे दिवस त्याने पडद्यासमोर काढले. टाकी आता पूर्वीसारखी गुमान बसत नव्हती. चढे, उतरे, पुन्हा चढे. एकदा पहाटे अठ्ठ्याण्णवला जाऊन आली. बाहेर पाखरं तारांवरून खाली पडत होती. गल्लीतल्या दोन घरांनी पोरंबाळं उचलून मंगल कार्यालयातल्या सरकारी गारवाघरात नेली होती. तिथे माणसावर माणूस होता. गावंड्यांच्या घरात सव्वीस. जुईने चित्रांची वही संपवली. प्रफुल्लची दाढी वाढली. ती सुतकाची होती, पण विचारणाऱ्याला तो उन्हाची सांगत असे. गजूदादाचा एकदाच फोन आला, राख सावडल्यावर. "सुवर्णा आली नाई रे," एवढंच म्हणाला. प्रफुल्ल म्हणाला, "हं."

भिंतीपलीकडून ड्रायरचा आवाज येत होता. लाटण्यांचा येत नव्हता. हे त्याच्या लक्षात आलं नाही असं म्हणणं खोटं होईल. त्याने ते लक्षात येऊ दिलं नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी पश्चिमेकडून धुळीचं वावधान उठलं, तासभर पत्रे वाजले आणि पारा दहा अंशांनी कोसळला. इशारा उतरला. प्राचीने घराच्या खिडक्या उघडल्या. प्रफुल्लने तोंड धुतलं, आरशात दुःखी चेहरा करून पाहिला, आणि मग त्याची लाज वाटून तसाच निघाला.

वहिनीचं दार लोटलेलं होतं. तो मागच्या हॉलमध्ये गेला.

एकही बाई नव्हती. पापड नव्हता, पिठाचा कण नव्हता. ड्रायरचं दार उघडं होतं आणि त्यातल्या जाळ्यांवर, जिथे कुरडया असायच्या तिथे, पोती होती. ओली गोणपाटं. चादरी, सतरंज्या, जुनी लुगडी. वाळलेल्यांचा ढीग एकीकडे, भिजवलेल्यांचा दुसरीकडे. अकोल्यात नळ आठवड्यातून एकदा येतो. वहिनीचे पाण्याचे निळे ड्रम रांगेने उभे होते, झाकणं उघडी, तळ कोरडे. ती शेवटच्या ड्रममध्ये वाकून मग्ग्याने पाणी ओरबाडत होती. दोन्ही हातांना कोपरापर्यंत चिंध्या गुंडाळलेल्या. तापलेल्या जाळ्या ओढून ओढून हात भाजले होते.

"वहिनी…"

"या. उतरलं का ऊन? आता बंद करतो मंग." तिने पाठ सरळ केली, ती एका झटक्यात सरळ झाली नाही. "सांगाले आले ना? सांगा."

"तुम्हाला माहीत होतं."

"बेबीताईचा फोन आल्ता. तुमाले गजूभाऊचा आला, त्याच्या मांगोमांग. तिनंच सांगतलं." बेबीताई म्हणजे काकांची मुलगी. "बायांले घरी धाडलं, आंघोळ केली, पिशवी भरली. तीनची अकोट बस होती, सरकारनं दवाखान्या-मयतीसाठी तेवढी एक ठेवली होती. म्हटलं भाऊजी येतीलच, सोबत जाऊ. अन् तुमी आले त ड्रायरचं इचारत."

प्रफुल्ल खाली बसला. बसायला तिथे काही नव्हतं, तो फरशीवरच बसला.

"सुतकात पापड लाटत नाई," ती म्हणाली. "पन धुनं वाळवाले कोनं मना केलं? जुईच्या बनियनवरून सुचलं. यंत्राले काय, त्याले पानी उडालं का झालं. पापडातलं असो का पोत्यातलं. पन पोतं लवकर वाळते जी, पापडासारखं दमानं नाई. दर घंट्याले बदलाव लागे. झोपलो का तिकडे आकडा चढला."

खरंच होतं. पाणी वाफ होताना उष्णता गिळतं, आणि भरपूर गिळतं. जुईची कातडी जे करू शकत नव्हती ते पलीकडच्या खोलीतली पोती पाच दिवस करत होती. आणि प्रफुल्ल रोज सकाळी प्राचीला त्या पोरीचं बनियन भिजवताना बघत होता. हे त्याला का सुचलं नाही, याचं उत्तर त्याला ठाऊक होतं. सुचायला आधी वहिनीशी खरं बोलावं लागलं असतं.

"मला सांगायचं होतंत," तो म्हणाला. "मी केलं असतं हे. मी पोती भिजवली असती, तुम्ही जाऊन आला असता. तीनच्या बसने गेला असता, सकाळी परत."

"हाव ना," वहिनी म्हणाली. "तेच. तुमी सांगतलं असतं त तेच झालं असतं."

तिने मग्गा ड्रमच्या काठावर उपडा ठेवला.

"माहा बी हिसेब चुकला," ती म्हणाली. "तुमी म्हटलं, काका ठीक हायेत. म्या म्हटलं, माणूस तोंडावर खोटं बोलला का त्याले चैन नाई पडत, तो परत येते. चार पावलं त हायेत. दाराकडे पाहत पाहत पोते भिजवले. तीन वाजून गेले, बस गेली. मंग वाटलं, आता आला तरी काय. मंग मलेच हट्ट पेटला. पाह्यतो म्हटलं, किती दिवस नाई येत." चिंधीतला हात तिने झटकला. "जाऊ द्या. पोरगी बरी हाय ना?"

"हो."

"मंग झालं."

तिने त्याला क्षमा केली असं यातून समजू नये. तिने ड्रायरचं दार लावलं.

तेरवी अकोटला. पंगत अंगणात, वर कापडी मांडव, गरम वरणावर तुपाची धार. सुवर्णावहिनी बायकांच्या पंगतीत शेवटच्या पानावर बसली होती, हातांवर मलमपट्ट्या. तिच्या शेजारची जागा रिकामी राहिली, आणि ती चुकून राहिली नव्हती.

"बेबीनं फोन केला," गजूदादाची बायको वाढता वाढता, वाऱ्याशी बोलल्यासारखी म्हणाली. "प्रफुल्लभाऊनं सांगतलं. दोनदा निरोप गेला. पन काई लोकायले मयतीपरीस ऑर्डर मोठी."

"अकोल्याचा आमचा पाहुना सांगत होता," दुसरीने री ओढली, "सुतकाचे दिवस, अन् हिच्या धुराड्यातून वाफ! पापड वाळून राह्यले होते! ज्यानं जामीन देल्ला त्याच्या सुतकात!"

वहिनीने भात कालवला. पट्टी बांधलेल्या हाताने तो नीट कालवता येईना. तिने मान वर केली नाही, प्रफुल्लकडे तर पाहिलंच नाही.

प्रफुल्लपुढे जिलबी आली होती. त्याने एक तुकडा मोडला. तो तोंडात घालायचा आणि गप्प राहायचं, एवढंच करायचं होतं. त्याने तुकडा पानात ठेवला आणि उभा राहिला. भरल्या पंगतीत, जेवण अर्धवट सोडून उठणं म्हणजे केवढा अपशकुन. सगळ्यांचे घास थांबले.

"वहिनीला मी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "दादा, मी तुझ्याशी खोटं बोललो. तिच्या तोंडावर म्हणालो काका ठीक आहेत. माझ्या घरचा पंप चालावा म्हणून. आणि ते पापड नव्हते. ती पाच दिवस ओली पोती वाळवत होती, माझ्या जुईसाठी. म्हणून ती आली नाही."

त्याने सगळं सांगितलं, टाकीसकट, टक्क्यांसकट. आवाज फुटला तिथे फुटू दिला.

मग गजूदादा उठला. प्रफुल्लला वाटलं, आता मारणार. गजूदादाने त्याला मिठी मारली.

"लेकरापायी माणूस काय करत नाई रे," तो रडत म्हणाला. "बाप होनं सोपं नाई. बाबा असते त त्यायनंही हेच म्हटलं असतं."

"भर पंगतीत कबूल केलं," एक म्हातारा म्हणाला. "छाती लागते. नाही तर आजकालची पोरं!"

"पोरगी वाचली ना? मंग देवानंच बुद्धी देल्ली," तिसरा म्हणाला. कोणीतरी त्याला हात धरून बसवलं, कोणीतरी त्याच्या पानात जिलबी वाढली, आधीच्या तुकड्यावर अख्खी. म्हाताऱ्या जुईचं नाव काढून डोळे पुसू लागल्या. प्राचीच्या पाठीवरून चार हात फिरले.

आणि बायकांच्या पंगतीत गजूदादाची बायको हळू आवाजात म्हणत होती, "ते ठीक हाय. पन बेबीचा फोन त आल्ता ना हिले? बाप्या माणूस घाबरला, समजू शकतो. हिनं तरी बोलाव ना एका शब्दानं! एवढा हट्ट बाईले शोभते का?"

"पोतेच वाळवत होती कशावरून," शेजारची म्हणाली. "पाह्यलं कोनं?"

प्रफुल्ल पुन्हा उठायला गेला. गजूदादाने खांदा दाबून बसवलं. "जेव रे. झालं गेलं. लय सोसलं तू."

सुवर्णावहिनीचं जेवून झालं होतं. तिने पान दुमडलं, उठली, आणि हौदावर हात धुवायला गेली, पट्ट्या भिजू नयेत म्हणून बोटांची टोकं तेवढी पाण्याखाली धरून.

आता ताळा मांडायचा तर असा. प्रफुल्लचं त्या महिन्याचं बिल पावपट आलं. जुईला झटका आला नाही, आणि ती रक्कम एवढी मोठी की तिच्यापुढे बाकीचं लिहायलाही संकोच वाटावा. खोट्याची किंमत भरायला तो भर पंगतीत उभा राहिला, तर तिथेही त्याच्याच नावावर जमा झालं: चांगला बाप, मोठ्या छातीचा माणूस, आणि एक जिलबी वर. कंपनीने त्याच्या जोडपंपाचा उन्हाळाभराचा आकडा काढला. एक घटकाही बंद न पडता चाललेलं यंत्र म्हणून शहरात पहिला नंबर. वहिनीच्या मे महिन्याच्या ऑर्डरी गेल्या. अकोटच्या भावकीने सुतकातले पापड म्हणून पुढच्याही थांबवल्या. ड्रमांतलं सगळं पाणी गेलं, दोन बोटांची कातडी परत आली ती गुळगुळीत, त्यावर लाटणं सरकू लागलं. आणि ज्या एका माणसाने तिच्यासाठी बँकेत सही केली होती त्याचा चेहरा, तो शेवटचा बघायचा राहिला. तो कोणाच्याच खात्यात निघत नाही.

पंपाचे अर्धे पैसेही तिनेच भरले होते.